पंक्चर : एक शब्द, अनेक भोके

‘सायकल पंक्चर झाली’ असे आपण इतके सहज म्हणतो की, हा शब्द इंग्रजी आहे याची आठवणही राहत नाही. आपण तर पंक्चर ‘काढतो’सुद्धा! (भोक कधी काढता येते का? ते बुजवावे लागते. पण भाषा तर्कशास्त्राला विचारून चालत नाही.)

टोचणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून हा शब्द आला. बिंदू म्हणजे ‘पॉइंट’, विरामचिन्हे म्हणजे ‘पंक्चुएशन’ आणि वेळ पाळणारा तो ‘पंक्चुअल’, ही सारी त्याचीच भावंडे. डनलॉपने हवेचा टायर १८८८ साली केला. वैद्यकात मात्र ‘पंक्चर’ त्याआधी कित्येक शतके रूढ होता. मेंदूज्वराचा संशय आल्यास पाठीच्या कण्यात सुई घालून द्रव काढतात, ते ‘लंबर पंक्चर’.

या सर्वांत महत्त्व टोकाला. ड्रॉइंग पिनची टोपी १ सेंटिमीटर आणि टोक ०.१ मिलिमीटर व्यासाचे धरा. व्यास शंभरपट कमी, म्हणजे क्षेत्रफळ १०,००० पट कमी. अंगठ्याचे बल तेच. पण टोकाशी दाब मात्र १०,००० पट!

वीज अभियंते हाच शब्द सुईवाचून वापरतात. तारेला खांबापासून अलग ठेवणाऱ्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर विद्युतदाब बेसुमार वाढला, तर ठिणगी बहुधा त्याच्या बाहेरच्या हवेतून उडी मारते. हा ‘फ्लॅशओव्हर’. वीज तोडली की हवा पूर्ववत होते आणि इन्सुलेटर बहुतेक वेळा शाबूत राहतो. पण ठिणगी त्याच्या अंगातूनच आरपार गेली, तर ते ‘पंक्चर’! मग तो कायमचा निकामी. म्हणूनच त्याची रचना अशी करतात की, आधी फ्लॅशओव्हर व्हावा. दोन्हींना ‘इन्सुलेटर गेला’ असे म्हणून मोकळे होणे मला तरी पटत नाही.

कारण चिनी मातीतले पंक्चर पुष्कळदा धातूच्या टोपीखाली दडलेले असते. खालून सारे धडधाकट दिसते. दोष चाचणीनेच कळतो. अशा इन्सुलेटरमुळे लोखंडी खांबातही वीज उतरू शकते. पावसात खांबाला हात लावू नका असे वडीलधारे बजावतात, त्याचे हे एक कारण.

विशेष कडक केलेल्या काचेच्या तबकड्या याबाबतीत प्रामाणिक. त्या निकामी झाल्या की चुरा होऊन गळून पडतात. टोपी आणि दांडा तेवढे तारेचा भार पेलत राहतात, आणि माळेतली रिकामी जागा जमिनीवरूनही दिसते.