डोंगल खराब नाही, लिनक्सला तो टीव्ही वाटतोय

हा भाग कानाने ऐकून समजतो, पण कमांडचं स्पेलिंग कानात राहत नाही, म्हणून हा लेखी अवतार. कमांड मी बोलतो तशाच लिहितोय. टाइप करताना इंग्रजी, सगळी लहान अक्षरं.

झालं काय, गांधी चमनच्या बाजूला राहणाऱ्या एका कॉलेजातल्या श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. "दादा, आरटीएल-एसडीआर घेतला, लॅपटॉपला लावला, नुसती एरर. परत करायला उद्याचाच दिवस आहे. देऊ का परत?" मी एवढंच विचारलं, एररमध्ये आकडा कोणता आहे? म्हणाला, वजा 6. म्हटलं, ठेव मग. तुझं डोंगल धडधाकट आहे.

हे डोंगल मुळात परदेशातल्या डिजिटल टीव्हीसाठी बनलं. आत रिअलटेकची आरटीएल2832यू नावाची चिप. ही चिप अँटेनावर आलेला सिग्नल जवळजवळ कच्चाच कॉम्प्युटरला देऊ शकते, हे फिनलंडच्या अँटी पालोसारी यांच्या लक्षात आलं, आणि 2012 मध्ये ऑस्मोकॉम गटाने त्यासाठी सॉफ्टवेअर लिहिलं. बाकी रेडिओचं काम मग सॉफ्टवेअर करतं. टीव्ही म्हणून आपल्याकडे त्याचा उपयोग शून्य, कारण दूरदर्शनचं डिजिटल प्रसारण डीव्हीबी-टी2 पद्धतीचं आहे आणि या चिपला जुनं डीव्हीबी-टीच कळतं.

आता खरी गोची. यूएसबीत काहीही लावलं की ते आपले दोन नंबर सांगतं, एक कंपनीचा, एक वस्तूचा. टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' मारा. बहुतेक डोंगल्सना 0बीडीए:2838 असं दिसेल. लिनक्सचा कर्नल हा नंबर बघतो आणि म्हणतो, अरे, हा तर टीव्ही! लगेच टीव्हीचा ड्रायव्हर आणून बसवतो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, अगदी तसं. मग आपला प्रोग्राम येतो तेव्हा जागा भरलेली. वजा 6 म्हणजे हेच, 'बिझी'.

रुमाल काढायचा असा: ईटीसीमधल्या 'मॉडप्रोब डॉट डी' फोल्डरात, शेवटी डॉट कॉन्फ असलेली एक फाइल करा आणि तिच्यात एकच ओळ लिहा: ब्लॅकलिस्ट, जागा सोडून डीव्हीबी_यूएसबी_आरटीएल28एक्सएक्सयू. मधल्या त्या खालच्या रेघा विसरू नका. मशीन रीस्टार्ट करा. मग 'आरटीएल_टेस्ट' चालवा.

इथे वजा 3 आलं तर ती वेगळी गोष्ट आहे. जागा रिकामी आहे, पण तुम्हाला आत शिरायची परवानगी नाही. यावर नेटवर सगळे सांगतात, पुढे 'सुडो' लाव. लागतं, चालतंही. पण मला ते पटत नाही. एफएम ऐकायला अख्ख्या घराच्या किल्ल्या कशाला द्यायच्या? ईटीसीतल्या 'यूडेव्ह'च्या 'रूल्स डॉट डी' फोल्डरात या नंबरच्या डोंगलसाठी नियम टाका, डोंगल काढून परत लावा, काम झालं. उबंटू-डेबियनवाल्यांनी आधी 'आरटीएल-एसडीआर' पॅकेज टाकून बघा, हा नियम बहुधा त्यासोबतच येतो.

टेस्टमध्ये 'लॉस्ट' किती बाइट ते येत राहिलं तर हलकी एक्स्टेन्शन वायर काढा, थेट पोर्टला लावा. आणि रेकॉर्डिंग जपून! सेकंदाला 24 लाख नमुने, प्रत्येकी 2 बाइट, म्हणजे मिनिटाला 288 एमबी. तुमचा दिवसभराचा डेटा पॅक पाच-सात मिनिटांत संपेल एवढं.

अँटेनाची लांबी लहरीच्या पाव पट. एफएमला साधारण 75 सेंमी, विमानांच्या 1090 मेगाहर्ट्झला फक्त 7 सेंमी. सोबतच्या अँटेनाच्या बुडाला चुंबक असतं, ते लोखंडी पत्र्यावर चिकटवा. पत्रा अँटेनाचा अर्धा भाग असल्यासारखं काम करतो. जालन्यात पत्र्याला काय तोटा! नाहीतर तेलाच्या डब्याचं झाकण घ्या.

विमानांची गंमत अशी की चिकलठाण्याला धावपट्टीवर उभं असलेलं विमान इथून ऐकू येणार नाही, पण नांदेडच्या वर 10 किमी उंचीवरून जाणारं येऊ शकतं. ही लहर जवळपास सरळ रेषेत चालते. जमिनीवरचं विमान पृथ्वीच्या गोलाईमागे आणि इमारतींमागे लपतं. म्हणून खिडकीपेक्षा गच्ची बरी.

एक विचारतातच: याने सिग्नल सोडता येतो का? नाही, हे फक्त ऐकतं. हॅकआरएफसारखी महागडी यंत्रं सोडू शकतात, पण लायसन्सशिवाय हवेत काही सोडणं हा गुन्हा आहे. हौस असेल तर दूरसंचार विभागाची हॅम रेडिओची परीक्षा द्या, वयाची 12 वर्षं पूर्ण असली की बसता येतं. त्या अभ्यासक्रमावर पुढचा भाग करतोय. वजा 6 आणि वजा 3 सोडून तिसराच आकडा आला असेल, तर स्क्रीनशॉट तेवढा पाठवा.