बर्फावर धूळ, नदीला घाई

कोलोरॅडोच्या डोंगरात बर्फ किती फूट साचला, एवढ्यानं पाण्याचा हिशोब लागत नाही. ताज्या भुसभुशीत बर्फाच्या दहा इंचांतून जेमतेम एक इंच पाणी निघतं. म्हणून तिथे बर्फ चक्क तोलतात!

ही रीत बसवली नेवाडाच्या जेम्स चर्च यांनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते माउंट रोजवर चढायचे, पोकळ नळी बर्फात खुपसायचे आणि बर्फासकट तिचं वजन करायचे. पोटापाण्याचा व्यवसाय? विद्यापीठात लॅटिन शिकवणं! आज पश्चिम अमेरिकेत हे काम ‘स्नोटेल’ची शेकडो स्वयंचलित केंद्रं करतात. न गोठणारा द्रव भरलेली सपाट उशी जमिनीवर पसरलेली असते. वर बर्फ चढला की दाब वाढतो, आणि त्यावरून पाण्याचा आकडा कळतो.

पण हा आकडाही पुरत नाही, कारण वाऱ्याबरोबर धूळ येते. विशेषतः वसंतात कोलोरॅडो पठारावरची तांबूस माती उडून सान हुआन पर्वतावर बसते. ताजा बर्फ 80 टक्क्यांहून अधिक ऊन परतवतो; मळका बर्फ त्यातलं बरंचसं शोषून घेतो. सिल्व्हर्टनजवळच्या सेनेटर बेक खोऱ्यात संशोधक बर्फात खड्डे खणतात आणि धुळीच्या थरांना क्रमांक देतात : डी-1, डी-2, डी-3... नवा बर्फ पडला की थर गाडला जातो, पण नाहीसा होत नाही. ऊन तापलं की जुने थर एकामागून एक उघडे पडून वरच साठतात, आणि वितळण्याचा वेग आणखी वाढतो. 2007 च्या एका अभ्यासानुसार धुळीमुळे इथला बर्फ 18 ते 35 दिवस आधी संपतो! जमीन लवकर उघडी पडते, झाडंझुडपं लवकर पाणी ओढू लागतात. कोलोरॅडो नदीचं सुमारे 5 टक्के पाणी असंच जातं, असा 2010 चा अंदाज आहे. आणि या नदीवर जवळपास चार कोटी माणसं अवलंबून आहेत.

एवढी धूळ पूर्वी नव्हती. इथल्या डोंगरी तळ्यांच्या गाळात एकोणिसाव्या शतकापासून धुळीचं प्रमाण एकदम कित्येक पटींनी वाढलेलं दिसतं. गुराढोरांच्या बेसुमार चराईनं माती मोकळी झाली होती. वाळवंटाच्या मातीवर सूक्ष्मजीवांचा एक जिवंत पापुद्रा असतो, तोच तिला धरून ठेवतो. एका पावलानं तो मोडतो आणि भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. याच पठारावरची युटातली राष्ट्रीय उद्यानं बघायला जाणार असाल, तर मळलेली पायवाट सोडू नका.