गूगलने दुकानाचे प्रोफाइल बंद केले तर

होटगी म्हटले की सोलापूरकरांसमोर तीन जागा येतात. दक्षिण सोलापूर तालुक्यातले होटगी गाव, विजयपूर-गदगकडे रेल्वेचा फाटा फुटतो ते होटगी स्टेशन, आणि शहरातला विमानतळाचा होटगी रोड. बोलताना आपला गोंधळ होत नाही, कारण समोरच्याला संदर्भ माहीत असतो. गूगलला तो माहीत नसतो. प्रोफाइलवर होटगी रोड, वीजबिलावर होटगी आणि नकाशावरची खूण स्टेशनजवळ, असे झाले की दुकान खरे आहे की नाही, याचीच शंका घेतली जाते.

दुकानाचे नाव गूगलवर शोधले की पत्ता, फोन, वेळा, फोटो आणि गिऱ्हाइकांचे अभिप्राय एकत्र दिसतात. हे बिझनेस प्रोफाइल. 2021पर्यंत त्याला ‘गूगल माय बिझनेस’ म्हणत. प्रोफाइल सस्पेंड झाले, म्हणजे नियम मोडल्याच्या संशयावरून गूगलने ते रोखले. कधी ते नकाशावरून पूर्ण जाते, तर कधी लोकांना दिसत राहते पण मालकाला त्यात काही करता येत नाही. दोन्हींवर उपाय अपील, म्हणजे फेरतपासणीची मागणी. तिला एक रुपयाही लागत नाही.

सगळ्यात आधी, त्याच दुकानाचे नवे प्रोफाइल काढू नये. घाईत बहुतेक जण हेच करतात. एका दुकानाची दोन प्रोफाइल होणे हाच नियमभंग आहे. शिवाय नव्या प्रोफाइलवर जुने अभिप्राय येत नाहीत, आणि ती तर वर्षांची कमाई असते.

मग प्रोफाइल कोणत्या ईमेलवर आहे ते शोधावे. गावाकडे ते बहुधा भाच्याने, फोटोग्राफरने किंवा जाहिरातवाल्याने काढून दिलेले असते आणि मालकाला पासवर्ड ठाऊक नसतो. अपील करायचे तर त्या प्रोफाइलचा मालक किंवा व्यवस्थापक म्हणून नोंद असलेल्या खात्यातूनच लॉग-इन करावे लागते. सस्पेंड झाल्याचे पत्रही त्याच ईमेलवर आलेले असते. ते नीट वाचावे.

आता आपला धंदा नियमात बसतो का, हे प्रामाणिकपणे पाहावे. गिऱ्हाईक दुकानात येते किंवा आपण त्याच्याकडे जातो, अशा धंद्यालाच प्रोफाइल मिळते. शेंगा चटणी आणि कडक भाकरी घरी करून फक्त ऑनलाइन मागणीवर कुरियरने पाठवत असाल, तर अपील करून उपयोग नाही. तीच भाकरी आपण स्वतः गिऱ्हाइकाच्या घरी पोचवत असाल, तर चालते. मात्र घरी कुणी घ्यायला येत नसेल, तर घराचा पत्ता लपवून फक्त सेवा देण्याची गावे लिहायची असतात. अशी जास्तीत जास्त 20 ठिकाणे देता येतात.

नंतर नाव. बोर्डावर नुसते ‘अमुक किराणा’ असेल, तर प्रोफाइलवरही तेवढेच हवे. ‘अमुक किराणा होलसेल स्वस्त सोलापूर’ असे शेपूट जोडले की शोधात वर येऊ, असे वाटते. प्रोफाइल जाण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे. शेपूट काढून टाकावे.

पत्त्याला मात्र हवा तेवढा वेळ द्यावा. ‘मारुती मंदिराजवळ’ एवढ्यावर भागत नाही. घर किंवा मिळकत क्रमांक, गाव, तालुका, पिनकोड असा पूर्ण पत्ता कागदावरून जसाच्या तसा उतरवावा. नकाशावरची खूण मोठी करून नेमकी आपल्या शटरवर आणावी.

यापुढचे काम कागदांचे, आणि अपिले इथेच अडतात. धंद्याची नोंदणी, परवाना, कराचे प्रमाणपत्र आणि वीज, फोन किंवा पाण्याचे बिल असे पुरावे गूगल मागते. आपल्याकडे त्यात शॉप अ‍ॅक्टची पावती किंवा प्रमाणपत्र, उद्यम प्रमाणपत्र, जीएसटी असेल तर ते, आणि खाण्याचा धंदा असेल तर एफएसएसएआयची नोंदणी येते.

महावितरणचे बिल समोर घेऊन बघा. नाव आजोबांचे, पत्ता नुसता गावठाणाचा, दुकानाच्या नावाचा पत्ता नाही. असे एकटे बिल जोडून काही सिद्ध होत नाही. दुकानाचे नाव आणि जागा दोन्ही असलेला एक तरी कागद हवा. उद्यम त्यासाठी सोयीचे आहे. ही नोंदणी 1 जुलै 2020पासून सुरू आहे, सरकारी संकेतस्थळावर मोफत होते आणि पत्ता बदलला तर दुरुस्तही करता येते. जोडीला बोर्ड, शटर आणि शेजारचा रस्ता एकाच चौकटीत दिसेल असा दिवसाउजेडी काढलेला फोटो ठेवावा.

दुरुस्त्या झाल्या, कागद फोनमध्ये एका जागी आले, की मगच अपील उघडावे. गूगलच्या अपील पानावर खाते आणि प्रोफाइल निवडले की कोणत्या नियमाखाली कारवाई झाली ते दिसते. अपील पाठवल्यावर पुरावे जोडायचा पर्याय येतो. तो उघडला की हातात फक्त 60 मिनिटे असतात. तेवढ्यात कागद चढवून फॉर्म पाठवला नाही, तर त्या अपिलाला पुरावाच राहत नाही. फॉर्म उघडल्यावर बिल शोधायला कपाट उघडू नये. वीज आणि नेटवर्क धड असेल अशी वेळ निवडावी.

पाठवल्यावर थांबावे. काही दिवस जातात, कधी जास्तही. त्याच पानावर अपिलाची स्थिती दिसते. निकाल येईपर्यंत नाव-पत्ता पुन्हा पुन्हा बदलू नये, दुसरे अपीलही करू नये. नकार आला तर आणखी एकदा तपासणी मागता येते. तेव्हा तेच कागद परत न पाठवता पहिल्या वेळी काय जुळले नव्हते ते शोधून नवा पुरावा द्यावा.

कधी व्हिडिओही मागतात. त्यात रस्ता, बोर्ड आणि आतला माल दाखवून, कुलूप उघडताना किंवा गल्ल्याआड उभे राहून दुकान आपणच चालवतो हे दाखवायचे असते. आधारकार्ड किंवा बँकेचे कागद त्यात येऊ देऊ नयेत.

प्रोफाइल परतले की जुने अभिप्राय साधारणपणे सोबत येतात, क्वचित थोडे उशिरा. फोन नंबर आणि खूण तेव्हा एकदा तपासून घ्यावी.

या काळात ‘गूगलमधून बोलतोय, इतके भरा, आजच चालू करतो’ असे फोन येऊ शकतात. प्रोफाइल परत देण्यासाठी गूगल पैसे घेत नाही. ओटीपी सांगू नये, आणि पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.