घाटावर आणि घाटाखाली : घर गार ठेवण्याविषयीचे गैरसमज

बुलढाणा जिल्ह्याचे हवामान ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ अशा दोन भागांत सांगितले जाते. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा हे तालुके अजिंठ्याच्या रांगेवर व तिच्यामागच्या पठारावर आहेत. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे पूर्णेच्या खोऱ्याकडचे. राजूर घाट उतरून मलकापूरकडे गेले की उंची तीन-चारशे मीटरने घटते आणि हवा साधारण दोन अंशांनी तापते. घर गार ठेवण्यासाठी कोणते यंत्र कमी विजेत भागते, याचे उत्तर त्यामुळे जिल्ह्याच्या दोन टोकांना वेगळे येते. एकाच घरातही ते मे आणि जुलैमध्ये बदलते. या विषयावरचे बरेच गैरसमज हा फरक लक्षात न घेतल्याने रुजले आहेत.

कूलर म्हणजे एसी न परवडणाऱ्याची तडजोड, हा त्यातला सर्वांत पक्का समज. विजेच्या हिशेबात मात्र कोरड्या उन्हाळ्यात कूलर एसीच्या बराच पुढे असतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना हवेतून सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. ही दोन तृतीयांश युनिट विजेएवढी ऊर्जा झाली. उष्णता ओढण्याचे काम पाणी करते, मोटारीने फक्त हवा खेचायची आणि पंपाने पाणी ताट्यांवर चढवायचे. म्हणून मोठा लोखंडी कूलरही १५० ते २५० वॅटमध्ये चालतो, तर दीड टनाचा एसी पूर्ण भारावर १,५०० वॅटच्या आसपास वीज घेतो.

कूलरची मर्यादा हवेतल्या ओलाव्याने ठरते. तापमापकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळून त्यावर वारा घातला की पारा जिथवर उतरतो, त्याला आर्द्र तापमान म्हणतात. कूलरची हवा त्याखाली जात नाही. मे महिन्यात दुपारी ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर आर्द्र तापमान २२-२३ अंश भरते. चांगल्या ताट्या मधल्या अंतराचा सुमारे ८० टक्के भाग कापतात. म्हणजे ४३ अंशांची हवा २७ अंशांवर येऊन खोलीत शिरते. जुलैत ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना आर्द्र तापमानच २७ अंश असते. तेव्हा तोच कूलर हवा जेमतेम दोन-अडीच अंशांनी उतरवतो आणि खोलीत दमटपणा भरतो. पावसाळ्यात पंप बंद ठेवून कूलरचा नुसता पंखा वापरणे अधिक शहाणपणाचे.

दारे-खिडक्या लावून कूलर चालवणे हीही एक रूढ चूक आहे. कूलरला बाहेरची कोरडी हवा आत घ्यावी लागते आणि ओलसर झालेली हवा बाहेर जायला वाट लागते. समोरची खिडकी उघडी नसेल तर तासाभरात खोलीतला ओलावा वाढतो, बाष्पीभवन मंदावते आणि अंग चिकट होते. एसीचे नेमके उलट. त्यामुळे ‘दोन्ही लावले की लवकर गार होते’ या समजुतीने एसीच्या खोलीत कूलर चालवला, तर कूलरने हवेत घातलेले पाणी एसीला पुन्हा काढावे लागते आणि त्याची वीज मीटरवर चढते.

टाकीत बर्फ टाकण्याचा उपायही आकडे मांडले की फारसा उरत नाही. पाच किलो बर्फ वितळताना सुमारे १,६७० किलोज्यूल उष्णता घेतो. तेवढी उष्णता पाऊण लिटरहूनही कमी पाण्याची वाफ होण्यात जाते. तासाला दहा लिटर पाणी उडवणारा कूलर हे काम चार-पाच मिनिटांत करतो. बर्फाचा गारवा थोडा वेळ जाणवतो हे खरे, पण तो फ्रीजमध्ये करायला लागलेली वीज कोणी मोजत नाही.

कूलरची खरी किंमत पाण्यात आहे. मोठा कूलर कोरड्या दुपारी तासाला दहा ते पंधरा लिटर पाणी पितो. दिवसभरात शंभर लिटर सहज संपते. उन्हाळ्यात ज्या गावांना टँकरची वाट पाहावी लागते, तिथे विजेची ही बचत पाण्याच्या रूपाने फेडावी लागते, आणि ‘कूलर पर्यावरणाला सर्वांत चांगला’ हे विधान तेवढ्यापुरते लंगडे पडते. घाटाखाली आणखी एक अडचण आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या बाजूला भूजलात क्षार जास्त. पाणी उडून जाते, क्षार टाकीतच राहतात. वरून नुसते पाणी ओतत गेले तर उरलेले पाणी दिवसागणिक अधिक खारट होते, ताट्यांवर पांढरा थर चढतो आणि हवा अडते. हनीकोंबच्या ताट्या पाच वर्षे टिकतात असे ऐकून घेतलेल्या माणसाला इथे वेगळा अनुभव येतो. दर दोन-तीन दिवसांनी टाकी पूर्ण उपसणे, हा त्यावरचा साधा उपाय. आठवड्यातून एकदा टाकी घासून कोरडी ठेवली, तर डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाचीही पैदास मोडते.

लोखंडी कूलरच्या बाबतीत ‘प्लग तीन पिनांचा आहे, म्हणजे अर्थिंग आहे’ हा समज जीवघेणा ठरू शकतो. जुन्या घरांत सॉकेटपर्यंत अर्थिंगची तार आलेलीच नसते. तार तपासून घेणे, ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारा आरसीसीबी बसवणे आणि पाणी भरताना प्लग काढणे, या तीन गोष्टींना पर्याय नाही.

एसीविषयीचा गोंधळ नावापासून सुरू होतो. ‘इन्व्हर्टर एसी’ म्हणजे घरच्या बॅटरीच्या इन्व्हर्टरवर चालणारा एसी, अशी अनेकांची समजूत असते. या एसीतला इन्व्हर्टर हा कॉम्प्रेसरचा वेग कमीजास्त करणारा इलेक्ट्रॉनिक भाग असतो. बॅकअपशी त्याचा संबंध नाही. जुना एसी पूर्ण वेगाने चालतो, थांबतो, पुन्हा पूर्ण वेगाने सुरू होतो. इन्व्हर्टर एसी खोली गार झाली की मंद वेगाने चालत राहतो, आणि मंद चालणारा कॉम्प्रेसर प्रत्येक युनिटमागे जास्त उष्णता बाहेर टाकतो. तास-दीड तासच एसी लावणाऱ्या घरात मात्र हा फायदा पूर्ण पदरात पडत नाही, कारण तापलेली खोली उतरवताना तोही पूर्ण वेगानेच धावतो.

हेच कारण रिमोटवर १८ अंश ठेवून ‘लवकर गार’ करण्याच्या सवयीलाही लागू आहे. तापलेल्या खोलीत कॉम्प्रेसर २४ वर ठेवला तरी पूर्ण ताकदीने सुरू होतो. १८ ठेवल्याने फक्त तो थांबायचे किंवा मंदावायचे टळते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या अंदाजानुसार एक अंश वर ठेवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे एसी २४ अंशांवर सेट होऊनच विकले जातात, ते याचसाठी. पंखा सोबत लावला तर २६ अंशही पुरेसे वाटतात.

पाच तारे म्हणजे हमखास फायदा, हेही अर्धसत्य आहे. एक तर ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होतात. जुलै २०२२ मध्ये झालेल्या बदलानंतर आधीचे पाच तारे चारवर आले. म्हणून ताऱ्यांपेक्षा लेबलावरचा आयएसईईआर हा कार्यक्षमतेचा आकडा आणि त्या लेबलाचा काळ पाहावा. दुसरे म्हणजे लेबलावरचा वार्षिक वापर १,६०० तास धरून काढलेला असतो. दोन एसींत लेबलानुसार वर्षाला २०० युनिटचा फरक असेल, तर घाटावरच्या ज्या घरात एसी ४०० तासच चालतो तिथे तो ५० युनिटवर येतो, आणि वाढीव किंमत वसूल व्हायला बरीच वर्षे लागतात. मलकापुरात रात्रभर चालणाऱ्या एसीला तेच पाच तारे परवडतात. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांनी वाढत जातात. वाचणारे युनिट हे नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यातले असते, हेही या हिशेबात धरायला हवे.

‘दर उन्हाळ्याला गॅस भरावा लागतो’ हा समज कारागिरांच्या सोयीचा आहे. एसीतला वायू बंद नळ्यांत फिरतो, खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे आणि ती बुजवल्याशिवाय भरणे व्यर्थ. हल्लीच्या बहुतेक घरगुती एसींत आर-३२ हा वायू असतो. जागतिक तापमानवाढीत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट भर घालतो, आणि तो काही प्रमाणात ज्वलनशीलही आहे. तो हवेत सोडून देणे दोन्ही अर्थांनी चुकीचे.

पंखा खोली गार करत नाही, अंगावरचा घाम उडवून माणसाला गार करतो. रिकाम्या खोलीत चालू ठेवलेला पंखा मोटारीच्या उष्णतेने हवा उलट किंचित तापवतो. हवेचे तापमान ४० अंशांच्या वर गेले की पंख्याचा वारा शरीराला गारवा देण्याऐवजी उष्णता देऊ शकतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा आहे. घाटाखालच्या मे महिन्यातल्या दुपारींसाठी तो महत्त्वाचा. विजेच्या बाजूने पाहिले तर घरातली सर्वांत स्वस्त सुधारणा पंख्यातच आहे. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी मोटारीचा सुमारे ३०. दिवसाला बारा तास आणि वर्षाला आठ महिने धरले तर एका पंख्यामागे १३० युनिटच्या आसपास बचत होते. ‘वेग कमी केला तरी वीज तेवढीच लागते’ हे जुन्या, गरम होणाऱ्या चौकोनी रेग्युलेटरच्या काळातले म्हणणे. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आल्यावर ते लागू पडत नाही.

यंत्राआधी छप्पर, हा क्रम मात्र बहुतेक घरांत उलटा होतो. वऱ्हाडातल्या धाब्याच्या घरांवर लाकूड आणि मातीचा जाड थर असे. त्यातून दुपारचे ऊन आत झिरपायला रात्र व्हायची. त्या जागी चार-पाच इंची सिमेंटचा स्लॅब आला आणि ‘पक्के घर अधिक गार’ असा समज त्याच्याबरोबर आला. उघड्या स्लॅबमधून प्रत्येक चौरस मीटरला, प्रत्येक अंशाच्या फरकामागे तीन वॅटहून अधिक उष्णता आत येते. निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये आलेल्या इको निवास संहितेने ही मर्यादा १.२ वॅट ठेवली आहे. स्लॅबवर एक इंच जाडीचा दणकट थर्माकोल आणि त्यावर जलरोधक थर घातला की घर या मर्यादेत येते. हा थर वरून हवा. खोलीत पीओपीचे छत करून तापलेला स्लॅब झाकणे कमी उपयोगाचे, कारण तोवर स्लॅबने उष्णता साठवलेली असते.

त्याहून स्वस्त उपाय पांढऱ्या रंगाचा. ताजा चुना उन्हाचा सुमारे ७० ते ८० टक्के भाग परत फेकतो, राखाडी स्लॅब त्याच्या निम्माही नाही. चुन्यावर धूळ बसली की परिणाम घटतो, म्हणून मार्च लागण्याआधी दरवर्षी हात फिरवावा लागतो. टिनाच्या घरात हा बदल अधिक जाणवतो, कारण पत्रा उष्णता धरून ठेवत नाही. ऊन परतवले की खोली लगेच निवते. ‘पांढरे छत हिवाळ्यात घर गारठवते’ ही शंका तांत्रिकदृष्ट्या खरी आहे, पण इथल्या दोन-अडीच महिन्यांच्या थंडीत ते नुकसान उन्हाळ्यातल्या फायद्यापुढे किरकोळ ठरते.

हिवाळ्यात घाटावरही खोली तापवण्यापेक्षा अंघोळीच्या पाण्यावर जास्त वीज जाते. तीन किलोवॅटचा इन्स्टंट गीझर साठवणीच्या दोन किलोवॅटच्या गीझरपेक्षा जास्त वीज खातो, असे सर्रास मानले जाते. वीस लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला दोघांनाही सुमारे ०.५८ युनिट लागते; साठवणीच्या टाकीतून दिवसभर गळणारी उष्णता उलट तिच्याच खात्यावर जाते. रूम हीटरचेही तसेच : कॉइलचा असो की तेलाचा, एक युनिट विजेची एक युनिटच उष्णता होते. अपवाद हीट पंपाचा. तो उष्णता तयार न करता बाहेरच्या हवेतून उचलून आणतो, म्हणून एका युनिटमागे तीनएक युनिट उष्णता देतो. ‘हॉट अँड कोल्ड’ एसी हा त्याच तत्त्वावर उलटा चालणारा एसी होय.

सोलर वॉटर हीटरला कडक ऊन लागते, थंडीत तो चालत नाही, हा समज इथल्या आकाशाने खोटा ठरवला आहे. त्याला तापमान नव्हे, स्वच्छ सूर्यप्रकाश लागतो, आणि डिसेंबर-जानेवारीत बुलढाण्याचे आकाश बहुधा निरभ्र असते. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून ३० ते ३५ अंशांत कलते ठेवले की हिवाळ्यातला तिरका सूर्य चांगला सापडतो. अडचण पावसाळ्यातल्या ढगांची आणि खारपाणपट्ट्यातल्या क्षारांची आहे. तांब्याच्या बारीक नळ्यांचे सपाट पॅनेल तिथे लवकर तुंबते. काचेच्या निर्वात नळ्या तुलनेने बऱ्या, पण त्याही वेळोवेळी धुवाव्या लागतात.

छतावरच्या सौर विजेविषयी सध्या सर्वांत मोठा गैरसमज असा की, ती बसवली म्हणजे वीज गेली तरी एसी चालेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला कमाल ७८,००० रुपये अनुदान मिळते. तिच्यातून सर्वसाधारणपणे बसणारी यंत्रणा महावितरणच्या तारांशी जोडलेली असते. पुरवठा बंद पडला की ती आपोआप बंद होते, अन्यथा खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला धक्का बसेल. वीज गेल्यावरही चालणारी यंत्रणा हवी तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. एसी ओढेल एवढी बॅटरी महाग पडते. दोन-तीन बीएलडीसी पंखे आणि कूलर रात्रभर चालवायला त्याहून कितीतरी लहान बॅटरी पुरते.