शाळा फुकट, दिवस महाग

काही वर्षांपूर्वी सुट्टीत पुण्याला गेलो असताना आईकडे काम करणाऱ्या बाईंना मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "मुलीची फी मी भरतो, पण तिची शाळा सोडवू नका."

त्या म्हणाल्या, "फी कुठं लागते, दादा? ती शाळेत गेली तर धाकट्याला कोण बघणार?"

माझी डॉक्टरेट तिथेच गप्प बसली.

गरिबाघरी मुलाच्या दिवसालाही किंमत असते. हे ओळखून मेक्सिकोत १९९७ साली 'प्रोग्रेसा' ही योजना सुरू झाली. मूल नियमित शाळेत गेले आणि कुटुंब आरोग्य-तपासणीला आले, की रोख रक्कम थेट आईच्या हाती. वरच्या इयत्तेला रक्कम जास्त, कारण मोठ्या मुलाची मजुरीही जास्त. प्राथमिक शाळेनंतर मुलींना मुलांपेक्षा थोडे अधिक.

परिणाम तपासण्यासाठी ५०६ गावांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली: ३२० गावांत योजना आधी, १८६ गावांत नंतर. तुलनेत दिसले, की प्राथमिकनंतर शिकणारी मुले वाढली, मुली तर त्याहून जास्त. परीक्षेतली प्रगती मात्र तशी दिसली नाही. चांगले शिकवणे हे वेगळेच काम आहे. नावे बदलत ही योजना २०१९ पर्यंत चालली.

आपण वह्या-दप्तरांसाठी देणग्या देतो, जरूर द्याव्यात. पण आधी एक विचारू या: या मुलीचा दिवस घरात कशासाठी अडला आहे?

मी ते विचारले नाही. बाईंच्या मुलीची शाळा सातवीतच सुटली.