अंगणातली बाग, लेखांक १७ : तिळाचं नातं आणि ओल्या पायांचं वैर

मानवतच्या एका वाचक भगिनींनी फोटो पाठवला आहे. त्यांची लेक अमेरिकेत डेन्व्हरला असते. तिच्या दारापुढच्या खडीच्या वाफ्यात गुडघ्याएवढ्या दांड्या उभ्या आहेत आणि प्रत्येक दांडीला एकाच अंगानं निळ्या-जांभळ्या घंटा लगडल्या आहेत. लेक दिवाळीला येणार आहे. येताना बी आणायला सांगू का, आणि आपल्या मातीत ते येईल का, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

पहिल्याचं उत्तर लगेच देतो. बी आणायला सांगू नका. परदेशातून बियाणं आणायचं तर आयात परवाना आणि तिथल्या सरकारचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. कपड्यांच्या घडीत ठेवून आणलेली पुडी नियमात बसत नाही. नियम क्षणभर बाजूला ठेवला, तरी बाहेरून आलेल्या गाजर गवतानं आपल्या बांधांचं काय केलं, हे परभणी जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र हा सगळा लेखांक लागेल.

फोटोतलं फूल पेन्स्टेमॉन. याच्या पावणेतीनशेच्या आसपास जाती आहेत आणि त्या उत्तर अमेरिकेच्या भूमीवरच्या, अलास्कापासून पार ग्वाटेमालापर्यंत पसरलेल्या. व्हर्जिनियात राहिलेले वैद्य जॉन मिचेल यांनी दिलेलं हे नाव १७४८ साली छापून आलं. फुलात पाच पुंकेसर असतात, पण परागकण चौघांतच. पाचवा वांझ. बऱ्याच जातींत तो केसाळ असतो आणि घंटेच्या तोंडातून जीभ डोकवावी तसा दिसतो. म्हणून तिकडची माणसं या झाडाला दाढीवाली जीभ म्हणतात. वांझ असला तरी तो रिकामा बसलेला नाही. आत शिरणाऱ्या माशीची वाट तो अरुंद करतो, तिला वर रेटतो, आणि वरच्या चार केसरांतले पराग तिच्या पाठीला नीट लागतात.

आता एक काम करा. सध्या रानात तीळ फुलला आहे. सकाळी फिरायला गेलात तर तिळाचं एक फूल तोडून नखानं उभं चिरा. फिकट गुलाबी घंटा, खालची पाकळी ओठासारखी पुढे आलेली, आत दोन लांब आणि दोन आखूड असे चार केसर, आणि त्यांच्या मुळाशी पाचव्याचा एक बारका खुंट. भिंग घेतलंत तर बरं. पेन्स्टेमॉन आणि तीळ एका कुळातले नाहीत, पण गण एकच आहे, तुळशीचाही तोच. हजारो मैलांवरची दोन झाडं, आणि पाचव्या केसराचं हे असं झालेलं दोघांतही. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा बराच वेळ बांधावरच बसून राहिलो होतो.

तिळाची आठवण मी आणखी एका कारणासाठी काढली. माझी आजी तीळ पेरताना रानाचा चढाचा भागच धरायची. खोलगट जागी पडलेलं बी ती वायाच गेलं समजायची. म्हणायची, तिळाला ऊन किती बी चालतं, पाय ओले चालत नाहीत. श्रावणात दोन दिवस पाणी साचलं की तिळाची पानं पिवळी पडतात, मान खाली जाते आणि आठवड्यात उभं झाड वाळतं. शेतकऱ्याला हे पाठ असतं. पेन्स्टेमॉनचं दुखणंही हेच आहे. परभणीत तो उन्हानं मरेल असं सगळ्यांना वाटतं. त्याला मारतं ते पाणी.

डेन्व्हरला वर्षाचा पाऊस आणि वितळलेला बर्फ मिळून जेमतेम पावणेचारशे मिलिमीटर पाणी पडतं. आपल्याकडे जुलै-ऑगस्ट बरे गेले तर तेवढं दोन महिन्यांतच पडून जातं. तिथली जमीन उताराची, खडीची. आपली गोदाकाठची काळी. ही काळी जमीन कापसाला, ज्वारीला, हरभऱ्याला आई आहे, कारण तिच्यातली बारीक चिकणमाती पाणी धरून ठेवते. पण तीच पावसाळ्यात फुगते, मातीतल्या पोकळ्या बुजतात, हवेला जागा राहत नाही. मुळांनाही श्वास लागतो. तो अडला की मुळं सडतात, आणि मग मूळकुजीची बुरशी उरलेलं काम करते. मे महिन्यात हीच माती आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगांत बारीक मुळं तटातट तुटतात.

आपल्या भाषेत यासाठी दोन नेमके शब्द आहेत. पाणी न निचरणारी ती चिबड. आणि पाणी निघून गेलंय, ओल आहे, हवाही आहे, माती मुठीत धरली तर गोळा होतो पण बोटाला चिकटत नाही, ती अवस्था म्हणजे वाफसा. बागकामाच्या परदेशी पुस्तकांत निचऱ्यावर पानंच्या पानं असतात. वाफसा हा शब्द ज्याला कळला त्याला त्यातलं निम्मं आधीच कळलेलं असतं.

मी स्वतः ही झाडं एकदा लावली आणि घालवली, तेही सांगतो. निळी नव्हती; मेक्सिकोच्या डोंगरांतल्या हार्टवेगी जातीपासून केलेल्या संकरांचं पाकीट होतं, लाल-गुलाबी घंटांचं. हे संकर पेरल्याच्या पहिल्याच हंगामात फुलतात आणि त्यांच्या बियांना उगवण्यासाठी थंडी द्यावी लागत नाही. दसऱ्यानंतर ट्रेमध्ये पेरलं, वर माती जवळजवळ टाकलीच नाही, कारण या बियांना उजेड हवा असतो. थंडीत रोपं छान वाढली. आपल्याकडे डिसेंबरात काही पहाटे पारा एकआकडी होतो, ते त्यांना मानवलं. फेब्रुवारीच्या शेवटी पहिल्या दांड्या फुलल्या. दोन रोपं अंगणातल्या काळ्या मातीत होती, पाच कुंड्यांत.

एप्रिलमध्ये कुंड्यांतली रोपं दुपारी माना टाकायला लागली. मी पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा माना पडल्या, मी पुन्हा पाणी घातलं. दहा दिवसांत पाचपैकी चार गेली. उपटून पाहिलं तर मुळं तपकिरी, बोटांनी सोलून निघणारी. दुपारी मान टाकणं हा झाडाचा स्वतःला वाचवायचा मार्ग असतो. पानांतून जाणारं पाणी मुळं पुरवू शकत नाहीत तेवढ्यापुरतं ते आवरून घेतं. पाहायचं ते पहाटे. पहाटे झाड ताठ असेल तर पाण्याची गरज नाही. पहाटेही मान खाली असेल तर आधी बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घाला. कोरडं लागलं तर पाणी द्या. ओलं लागलं तर मुळं सडत आहेत, पाणी ताबडतोब बंद करा. एवढं मला आधी माहीत असतं तर ती चार झाडं मी घालवली नसती. जमिनीतली दोन मात्र मे महिना काढून गेली आणि मृगाच्या दुसऱ्या मोठ्या पावसात संपली.

तेव्हा मानवतच्या भगिनींना माझं सांगणं असं : लेकीच्या दारातली ती निळी जात आपल्याकडे लावूच नका. तिच्या बियांना ओल्या वाळूत घालून दोन-अडीच महिने फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावं लागतं, तेव्हा कुठे त्या उगवतात. पहिल्या वर्षी बहुधा नुसती पानंच येतात, आणि फुलायच्या आधी आपला श्रावण येतो. पूर्व अमेरिकेतल्या गवताळ भागात एक पांढऱ्या फुलांची जात आहे, ती भारी जमीन थोडी सोसते. नेब्रास्कात तिचा लालसर पानांचा वाण निवडला गेला आणि १९९६ साली तिकडच्या बागवानांनी त्याला वर्षाचं बहुवर्षायू झाड ठरवलं. पण त्यालाही बर्फाच्या हिवाळ्याची सवय. हौस असेलच तर हार्टवेगीचे संकर घ्या, ओळखीच्या बियाणे विक्रेत्याकडून, आणि दसरा ते होळी एवढाच त्यांचा हंगाम धरा. झेंडू-शेवंतीसारखा.

जागा कशी करायची? काळ्या मातीत खड्डा खणून त्यात मुरूम भरणं ही नेहमीची चूक. खड्ड्याच्या भिंती काळ्याच राहतात आणि पावसात त्याचा हौद होतो. खणू नका, उचला. जमिनीच्या वर वीतभर-दीड वीत उंचीचा गादीवाफा करा, कडेला जुन्या घराचे दगड किंवा विटा लावा. आत दोन घमेली मुरूम किंवा जाड वाळू, एक घमेलं पोयटा आणि अर्धं घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत, या हिशेबानं भरा. जिंतूरकडच्या चढावर ज्यांचं रान आहे त्यांना ही माती बांधावरच मिळते. शेणखत जास्त घालू नका. या झाडाला माया जास्त झाली की पानं माजतात, दांड्या लवंडतात आणि आयुष्य घटतं. आपल्या मातीत चुनखडी आहे याची चिंता नको, पेन्स्टेमॉनच्या पश्चिमेकडच्या बऱ्याच जाती चुन्याच्या जमिनीतच वाढलेल्या आहेत. रोप लावताना मूळ आणि खोड जिथे मिळतं तो सांधा मातीच्या किंचित वर राहू द्या आणि भोवती पालापाचोळ्याऐवजी बारीक खडीचं आच्छादन करा. पाला ओल धरतो, आणि ती ओल नेमकी मानेशी असते.

कुंडीतही हेच मिश्रण. नुसती काळी माती कुंडीत कधीच भरू नका. ती सुकली की कडेपासून सुटते आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ तळाला जातं. आपल्याला वाटतं झाड प्यायलं.

दांडीवरची फुलं संपत आली की ती दांडी पानांच्या वरून छाटा, बाजूनं दुसरी येते. आणि माघात, फूल नसलेल्या फांदीचे चार बोटं लांबीचे छाटे डोळ्याखाली कापून ओलसर वाळूत लावून ठेवा. इंग्लंडमधले बागवान असे छाटे उन्हाळ्याच्या अखेरीस करतात, कारण हिवाळ्यात मूळ झाड जाईल अशी त्यांना धास्ती असते. आपल्याला धास्ती पावसाळ्याची. ते छाटे पत्र्याच्या पडवीखाली, पाऊस लागणार नाही पण सकाळचं ऊन लागेल अशा ठिकाणी राहिले, तर त्यातला एखादा दसऱ्यापर्यंत टिकतो. माझ्या पाचव्या कुंडीतल्या रोपाचा एक छाटा तसा टिकला होता.

एवढं करूनही हे झाड परभणीत पाहुणाच राहणार, हे मान्य केलेलं बरं. पण त्याच्या कुळातली दोन झाडं इथे घरचीच होऊन राहतात आणि त्यांच्याकडे आपण पुरेसं पाहत नाही, याचं मला वाईट वाटतं.

एक रसेलिया. मेक्सिको-ग्वाटेमालाकडचं. हिरव्या सुतळीसारख्या लोंबणाऱ्या काड्या आणि त्यांना लाल नळीसारखी फुलं. पानं दिसत नाहीत, कारण ती खवल्याएवढी झालेली असतात. अन्न तयार करायचं काम हिरव्या काड्याच करतात, आणि पानं नसल्यामुळे पाण्याची उधळण नाही. मे महिन्यात अंगणातलं बाकी सगळं करपलेलं असताना कंपाउंडच्या भिंतीवरून रसेलियाची लाल झालर लोंबत असते. उन्हात लावा, भिंतीच्या कडेला उंचावर लावा, काडी खोचली तरी लागते. वर्षातून एकदा, पावसाच्या तोंडाशी, जुन्या काड्या बुडातून काढून टाका. बाकी त्याचं काही मागणं नाही. पेन्स्टेमॉनच्या लाल जातींवर तिकडे गुंजन पक्षी हवेत तरंगत मध पितात; ते पक्षी आपल्याकडे नाहीत. आपल्याकडे शिंजीर येतो. तो काडीवर बसतो, काडी वाकते, आणि तो उलटा लटकून नळीत चोच घालतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये विणीच्या रंगात आलेला नर सकाळच्या उन्हात निळा-जांभळा चमकतो. ज्यांना निळं काही दारात हवं आहे, त्यांनी तो पाहावा.

दुसरं अँजेलोनिया. ताठ दांडी, जांभळी-पांढरी-गुलाबी छोटी फुलं, चेहरा थेट पेन्स्टेमॉनचा. हे उष्ण प्रदेशातलंच झाड असल्यामुळे चाळीसच्या वरही फुलत राहतं. पान चुरडलं तर पिकल्या फळासारखा वास येतो. नर्सरीत थंडीच्या अखेरीस रोपं मिळतात. याला रसेलियापेक्षा पाणी थोडं जास्त लागतं, पण चिबड यालाही नको. फुलून उंच झालं की निम्म्यावर छाटा, तीन आठवड्यांत पुन्हा भरतं.

आता या आठवड्याचं काम. पाऊस उघडला की अंगणात हातभर खोल खड्डा घ्या, पाण्यानं भरा, ते जिरू द्या, आणि पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी जिरायला किती तास लागतात ते घड्याळ लावून पाहा. संध्याकाळी भरलेलं पाणी सकाळीही दिसत असेल, तर त्या जागी गादीवाफ्याशिवाय काही लावू नका. खड्डा बुजवायच्या आधी त्याच्या भिंतीही पाहून घ्या. वर काळी असून वीतभराखाली पांढरट मुरूम लागला तर तुम्ही नशीबवान, आणि मला जरूर कळवा.

पुढच्या आठवड्यात शेवंतीचे शेंडे खुडण्याबद्दल. पोळा झाला की ते काम लांबवता येत नाही.