विमानाचें पारपत्र

सन १९३८ च्या जुलै महिन्याच्या १८ तारखेस आयर्लंडमधील डब्लिन शहरानजीक बाल्डोनेल येथील विमानतळावर एक लहानसें, नऊ वर्षांचें जुनें विमान येऊन उतरलें. त्यांतून डग्लस कॉरिगन नांवाचा अमेरिकन वैमानिक बाहेर पडला. न्यूयॉर्कहून निघून तो अठ्ठावीस तास तेरा मिनिटें एकट्यानें उडत आला होता. त्याचें विमान अशा प्रवासास योग्य नाहीं म्हणून अटलांटिक महासागर ओलांडण्याची परवानगी सरकारनें त्याला पूर्वींच नाकारिली होती. कॅलिफोर्नियास परत जाण्याची तेवढी मिळाली होती. पण पश्चिमेस जाण्याऐवजीं तो पूर्वेस गेला, आणि होकायंत्र पाहण्यांत आपली चूक झाली, असेंच पुढें सांगत राहिला. त्याच्याजवळ पारपत्र नव्हतें, आयर्लंडांत उतरण्याची अनुज्ञाहि नव्हती. लोकांनीं त्याला डोक्यावर घेतलें. सरकारनें मात्र त्याचा वैमानिकाचा परवाना चौदा दिवस तहकूब ठेविला. ते दिवस तो बोटीनें मायदेशीं पोंचेपर्यंत भरत आले होते.

ही हकीकत मोठ्या कौतुकानें सांगितली जाते. परंतु तिच्याकडे बाल्डोनेल येथील अधिकाऱ्याच्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे तिचें निराळें रूप दिसतें. हें विमान कोणाचें? तें उडण्यास धड आहे, हें कोणी तपासलें? हा मनुष्य वैमानिक आहे, याला पुरावा काय? तो आला कोठून, आणि आणलें काय? परक्या माणसाच्या तोंडच्या शब्दापलीकडे या प्रश्नांस उत्तर देणारें कांहीं साधन पाहिजे. तें साधन म्हणजेच विमानाचीं कागदपत्रें. एका देशाच्या सरकारनें दुसऱ्या देशाच्या सरकारास दिलेली ती लेखी हमी असते, आणि तीच ध्यानांत न घेतल्यामुळें पुष्कळांस हे कागद म्हणजे नुसता दप्तरी जाच वाटतो.

आकाशास कुंपण नाहीं, असें आपण म्हणतों खरें; पण कायद्याच्या दृष्टीनें तेथें कुंपण आहे. दिनांक ७ डिसेंबर १९४४ रोजीं शिकागो येथें जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या पहिल्याच कलमांत प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सत्ता मान्य केलेली आहे. हा करार ४ एप्रिल १९४७ पासून अमलांत आला व आज १९३ राष्ट्रें त्यानें बांधलेलीं आहेत. त्याच्या एकोणतिसाव्या कलमांत, परदेशीं जाणाऱ्या विमानांत कोणते कागद असले पाहिजेत, हें सांगितलेलें आहे. शेंकडों उतारू नेणाऱ्या मोठ्या विमानास जो नियम, तोच चार माणसांच्या खाजगी विमानासहि लागू आहे.

पहिला कागद नोंदणीपत्र. जहाजाप्रमाणें विमानासहि राष्ट्रीयत्व असतें, आणि ज्या देशांत त्याची नोंद झाली तोच त्याचा देश. एकाच वेळीं दोन देशांत नोंद चालत नाहीं. हें राष्ट्रीयत्व विमानाच्या अंगावर अक्षरांनीं रंगविलेलें असतें: ब्रिटनचें ‘जी’, अमेरिकेचें ‘एन’, भारताचें ‘व्हीटी’. नोंदणीपत्रांत हीं चिन्हें, बनविणाऱ्याचें नांव, कारखान्याचा अनुक्रमांक आणि मालकाचें नांव व पत्ता असतो. शिवाय मुख्य दाराजवळ, आगीतहि टिकेल अशा धातूच्या पट्टीवर तींच चिन्हें कोरलेलीं असतात. कागद आणि पट्टी यांचा मेळ बसला पाहिजे.

दुसरा कागद उड्डाणयोग्यतेचा दाखला. विमानाची बांधणी व निगा ठरलेल्या कसोटीस उतरते, अशी त्यांत ग्वाही असते. तिसरा वैमानिकाचा परवाना. भारतांत वैमानिकाचा पहिला परवाना जे. आर. डी. टाटा यांस १० फेब्रुवारी १९२९ रोजीं मिळाला, आणि पुढल्याच वर्षीं ते कराचीहून एकटेच विमान घेऊन इंग्लंडास जावयास निघाले. या परवान्याविषयीं एक बारकावा पुष्कळांस माहीत नसतो. विमान ज्या देशाच्या नोंदीचें, त्याच देशानें परवाना दिलेला किंवा मान्य केलेला असावा लागतो. अमेरिकन गृहस्थ आपलें अमेरिकन विमान घेऊन फ्रान्समध्यें उतरला तर त्याचा अमेरिकन परवाना पुरतो. पण तेथें त्यानें फ्रेंच नोंदीचें विमान भाड्यानें घेतलें, तर तोच परवाना फ्रान्सनें मान्य केल्यावांचून निरुपयोगी ठरतो.

चौथी प्रवासाची नोंदवही. पांचवा बिनतारी यंत्राचा परवाना. परदेशाच्या हद्दींत संदेश धाडणारें यंत्र बाळगावयाचें तर तो पाहिजेच, आणि तें यंत्र वापरणाऱ्या वैमानिकासहि तसा अधिकार पाहिजे. सहावी उतारूंचीं नांवें आणि त्यांचीं चढण्या-उतरण्याचीं ठिकाणें यांची यादी. सातवा, माल असल्यास, त्या मालाचा तपशील. येथें सात पृच्छांस सात उत्तरें पुरीं होतात.

कागद मुळींच नाहींत, असें सहसा घडत नाहीं. घोटाळा होतो तो घरीं चालणारी सवलत सीमेपलीकडेहि चालेल, या समजुतीनें. अमेरिकेचेंच उदाहरण घ्यावें. तेथें देशांतल्या देशांत उडणाऱ्या खाजगी विमानास सन १९९६ पासून बिनतारी यंत्राचा स्वतंत्र परवाना लागत नाहीं. त्यामुळें वर्षानुवर्षें घरच्या आकाशांत उडणारा मालक मेक्सिकोस निघतो, तेव्हां असा कांहीं कागद असतो हेंच त्याला ठाऊक नसतें. नवें विमान विकत घेतल्यावर कायमचें नोंदणीपत्र येईपर्यंत जो तात्पुरता कागद मिळतो, तोहि देशाबाहेर चालत नाहीं. सन २०१७ पासून खाजगी वैमानिकांस वैद्यकीय तपासणीची एक सोपी वाट दिलेली आहे. पण दुसऱ्या देशानें ती मान्य केली असेल तरच तिच्या आधारावर तेथें उडतां येतें. हौसेनें घरीं बांधलेल्या विमानाचीहि तीच गत. त्याचा दाखला आंतरराष्ट्रीय कसोटीचा नसल्यामुळें ज्या देशावरून जावयाचें त्याची वेगळी संमति घ्यावी लागते. स्वतःच्या अंगणांत नियम शिथिल करण्याचा अधिकार प्रत्येक देशास आहे. शेजाऱ्याच्या अंगणांतील नियम शिथिल करण्याचा कोणासच नाहीं.

विमानाचे कागद झाले म्हणजे माणसांचे पाहावयाचे. खाजगी विमानानें आलेल्या उतारूसहि पारपत्र व प्रवेशाची अनुज्ञा लागते, आणि प्रथम उतरावयाचें तें जकातीची सोय असलेल्या विमानतळावरच. अमेरिकेंत परदेशाहून येतांना किंवा तेथून बाहेर जातांना उतारूंची माहिती विमान सुटण्यापूर्वीं निदान एक तास आधीं कळवावी लागते. सन २००९ पासून हा नियम आहे. भारतासह अनेक देशांत परदेशी खाजगी विमानास आगाऊ परवानगी घ्यावी लागते. विमान स्वतःचें नसेल तर मालकाचें संमतिपत्र जवळ असणें शहाणपणाचें.

शेवटीं विम्याचें. युरोपीय संघाच्या देशांत विमानामुळें तिऱ्हाइताचें होणाऱ्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे, आणि त्याची रक्कम विमानाच्या वजनाप्रमाणें ठरते. विम्याच्या पत्रांत कोणकोणत्या देशांत तो लागू आहे, हें लिहिलेलें असतें. तें वाचल्यावांचून जो सीमा ओलांडतो, तो एखादे वेळीं घरदार पणास लावून उडत असतो. आणि ही गोष्ट त्याला कळते ती अपघात झाल्यानंतर.

म्हणून जाणते वैमानिक निघण्यापूर्वीं कांहीं आठवडे सर्व कागद मेजावर मांडून तीन गोष्टी पाहतात. प्रत्येक कागदाची मुदत परतण्याच्या दिवसापर्यंत पुरते कीं नाहीं. सर्व कागदांवर नांव, अक्षरें व अनुक्रमांक एकच आहेत कीं नाहींत. आणि जेथें जावयाचें त्या देशास हा कागद मान्य आहे कीं नाहीं. मूळ प्रती विमानांत व नकला घरीं, अशी वांटणी ते करतात. या कामास एक संध्याकाळ पुरते. तिची टंगळमंगळ केली तर परक्या विमानतळावर विमान अडकून पडतें. बायकामुलें बाकावर बसून राहतात. आणि घरचें सरकारी कचेरीचें दार उघडेपर्यंत वाट पाहण्यावांचून गत्यंतर नसतें. तेथला अधिकारी दुष्ट नसतो. ज्याला तो ओळखत नाहीं, त्याच्या देशाचा शब्द तेवढा तो मागत असतो. आणि तो शब्द वैमानिकाच्या पिशवींत असला म्हणजे पांच मिनिटांत सलाम करून वाट मोकळी करून देतो.